छत्रमची वाट

तमिळनाडूतली मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती थेट चारपर्यंत. जिंजी, तंजावर, रामेश्वर अशी सहल आखायला बसलं की कागदावर पहिली खूण या वेळेची करावी लागते. किल्ला भल्या सकाळी, कारण नऊ-दहानंतर तिथला दगड तापतो आणि फार उशिरा पोचलं तर वर चढू देत नाहीत. राजवाडा दुपारी, डोक्यावर छप्पर असतं म्हणून. देऊळ ऊन उतरल्यावर. गणित साधं आहे, पण सत्तरीतली माणसं तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवायची नसतील तर ते नीट बसवावं लागतं.

पुण्या-मुंबईच्या, कधी नाशिक-कोल्हापूरच्या मराठी मंडळींना घेऊन मी या भागात बरीच वर्षं जाते आहे. पहिल्या संध्याकाळी ओळखी होतात तेव्हाच कोण कशासाठी आलंय ते कळतं. काही जण गडासाठी आलेले असतात. सह्याद्रीतले किल्ले पायांखालून गेलेले, राजाराम महाराजांची जिंजी तेवढी राहिलेली. काही जण रामेश्वरासाठी येतात. त्यांची काशी झालेली असते आणि गंगाजलाचा गडू पिशवीत, कपड्यांच्या मधोमध जपून आणलेला असतो. उरलेल्यांना वाडा बघायचा असतो, ग्रंथालय, तंजावरची सोन्याच्या वर्खाची चित्रं, जमल्यास एखादी कांजीवरम. गडवाले काका देवळाबाहेर चपला सांभाळायला तयार होतात आणि रामेश्वरवाल्या काकू जिंजीच्या पायथ्याशी म्हणतात, "ताई, तुम्ही जाऊन या, मी आपली गाडीतच बसते." या माणसांना एकमेकांच्या वाटेवर आणणं हा माझ्या कामातला सगळ्यात कष्टाचा भाग आहे, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त गोडी वाटते.

जिंजी लांबून दिसते तेव्हा बसमध्ये शांतता पसरते. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना हे डोंगर अनोळखी वाटतात. ग्रॅनाइटच्या प्रचंड गोल शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्या तिघींना बांधून घेणारी लांबलचक तटबंदी. राजगिरीच्या माथ्याजवळ एक खोल घळ आहे. तिच्यावरचा छोटा पूल ओलांडल्याशिवाय बालेकिल्ल्यात पाऊल ठेवता येत नाही. पूल काढून घेतला की वरची माणसं जगापासून तुटली. तिथे उभं राहिलं की या किल्ल्यानं इतका लांब वेढा कसा सोसला असेल हे समजावून सांगावं लागत नाही.

1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला आणि तो मजबूत करून घेतला. त्या वेळी रायगडापासून इतक्या दूरच्या गडावर एवढा खर्च कशाला, असं कोणाला वाटलंही असेल. बारा वर्षांनी त्याचं उत्तर मिळालं. मार्च 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या हाती सापडले. राजाराम महाराज वेष पालटून पन्हाळ्याहून निघाले, वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी आसरा दिला, आणि ते जिंजीला पोचले. पुढची सुमारे आठ वर्षं मराठ्यांची गादी या दगडांत होती. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा 1690 मध्ये सुरू झाला आणि किल्ला पडला तो 1698 च्या सुरुवातीला. तोवर महाराज निसटून गेले होते. औरंगजेबाचं एवढं सैन्य आणि एवढा पैसा इथे अडकून पडला, म्हणून संताजी-धनाजींना मोकळं रान मिळालं.

गटाचे मी दोन भाग करते. चढू शकणारे स्थानिक गाइडबरोबर राजगिरीवर जातात. माकडं फार धीट असल्यानं हातात पिशवी ठेवायची नाही, पाणी पाठीवरच्या सॅकमध्ये, एवढं बजावून त्यांना सोडते आणि मी बहुतेक वेळा खाली थांबते. खाली कल्याण महाल आहे, धान्याची मोठी कोठारं आहेत, हत्तींना पाणी पाजायचा तलाव आहे, वेंकटरमणाचं देऊळ आहे, सादतुल्लाखानाच्या नावाची मशीद आहे. गुडघ्यांनी दगा दिलेल्या माणसांना 'तुमचं राहिलं' असं वाटू द्यायचं नाही, हा माझा नेम आहे. वेढा सोसायला तलवारीइतकंच धान्य लागतं. त्या कोठारांच्या उंच, थंड, रिकाम्या पोटात उभं राहून मी हे सांगते तेव्हा गाडीतच बसणार म्हणालेल्या काकू प्रश्न विचारू लागतात. किती माणसांना पुरत असेल? उंदीर लागत नसतील का? दळत कुठे असतील? हे प्रश्न मला तहाच्या कलमांइतकेच महत्त्वाचे वाटतात.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी ही जिंजी. त्यानंतर आमच्याकडे जिंजीची चौकशी वाढली आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण पायथ्याच्या गावात कोणाला विचारलं तर तो आधी राजा देसिंगूची गोष्ट सांगतो. तेजसिंह नावाचा हा तरुण बुंदेला राजा 1714 मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना मारला गेला. त्याच्यावर तमिळमध्ये कथागीतं आहेत. आमची मंडळी प्रथम थोडी नाराज होतात: आपल्या जिंजीत हा कोण? मी मुद्दाम गाइडला ती गोष्ट पूर्ण सांगायला लावते आणि मराठीत करून देते. घोडा, नवविवाहित राणी, विषम लढाई. ऐकता ऐकता चेहरे बदलत जातात. एका किल्ल्याला अनेक जण आपला म्हणतात, यात कोणाचंच काही कमी होत नाही.

वेल्लोरला आम्ही अर्धा दिवसच थांबतो. भुईकोट किल्ला, भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक, आत जलकंठेश्वराचं सुरेख कोरीव देऊळ. मराठ्यांनी हा किल्ला वर्षभराहून जास्त काळ वेढून 1678 मध्ये घेतला, आणि 1806 मध्ये इथल्याच शिपायांनी इंग्रजांविरुद्ध पहिला मोठा उठाव केला. देवळात शेकडो वर्षं लिंग नव्हतं, ते 1981 मध्ये पुन्हा आणून बसवलं गेलं. पलीकडच्या डोंगरांवर साजरा आणि गोजरा हे आपले दोन छोटे किल्ले. ही नावं तमिळ मुलखात ऐकली की मला अजून भरून येतं.

तंजावर मात्र पोटभर बघायचं गाव आहे. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं बांधलं, 1010 मध्ये ते पुरं झालं. शिखर दोनशे फुटांहून उंच. संध्याकाळी त्या दगडावर पिवळसर तांबूस उजेड पसरतो तेव्हा कोणीच काही बोलत नाही, मीही नाही. नंतर हमखास कोणी तरी विचारतं, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही ना? पडते. चांगली लांब पडते, आणि मी ती बोटानं दाखवते. ही भाकडकथा सांगणाऱ्या गाइडला टाळ्या मिळतात हे मी पाहिलं आहे. पण ज्या कारागिरांनी हजार वर्षांपूर्वी चुनाही न वापरता एवढा भार तोलून धरला, त्यांच्या खऱ्या कामाला खोट्या चमत्काराची जोड कशाला?

देवळाच्या आवारभिंतीवर, नैऋत्येच्या बाजूला, एक मराठी शिलालेख आहे. 1803 मध्ये तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी तो कोरवून घेतला. देवनागरीत भोसले कुळाचा इतिहास, मुळापासून त्यांच्या काळापर्यंत, भिंतभर ओळीमागून ओळी. एवढा मोठा शिलालेख दगडावर क्वचितच असेल. भोवती सगळं तमिळ कोरलेलं, आणि एकदम आपली अक्षरं. लोक आधी हात लावायला धावतात, त्यांना आवरावं लागतं. मग मी त्यांना मोठ्यानं वाचायला सांगते. एक जण सुरुवात करतो, अडखळतो, दुसरा पुढचा शब्द लावतो. दोनशे वर्षांपूर्वीचं गद्य आहे, पण थोड्या वेळानं जीभ वळते. एकदा निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंनी तिथेच जमिनीवर बसून अर्धी ओळ वहीत उतरवून घेतली होती, प्रत्येक वळण जसंच्या तसं. त्यांच्यासाठी आम्ही सगळे थांबलो आणि कोणी कुरकुर केली नाही.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजांनी 1676 च्या सुमारास इथे गादी स्थापली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढच्या वर्षी कोळ्ळिडमच्या काठी दोघा भावांची भेट झाली, वाटणीवरून तेढ आली, आणि शेवटी समेट झाला. बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी मिळाला. इथपर्यंत शाळेतला इतिहास. पण या घराण्यानं 1855 पर्यंत इथे काय केलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्यंकोजींचा मुलगा शहाजी मराठीत नाटकं लिहीत होता, विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत सीतास्वयंवर केलं त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी. सरफोजींनी देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये त्यातून इसापनीतीचा मराठी अनुवाद, बालबोधमुक्तावली, छापून निघाला. भरतनाट्यमला आजचं रूप देणारे चौघे भाऊ त्यांच्याच दरबारचे.

वाडा मूळ नायक राजांचा, मराठ्यांनी वाढवलेला. रंग उडाले आहेत, काही भागांना आधार द्यावा अशी अवस्था आहे. राजस्थानचे महाल पाहून आलेली मंडळी इथे थोडी हिरमुसतात. आतल्या दरबारात सरफोजींचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समननं घडवलेला. हात जोडून उभा असलेला राजा. राजांचे पुतळे हात जोडून फारसे दिसत नाहीत. तो बघून झाला की मी सरस्वती महाल ग्रंथालयात नेते. सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखितं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. मोडी कागदांचे ढीग वेगळे. सरफोजींच्या धन्वंतरी महाल या दवाखान्यातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. त्यात रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र आणि केलेल्या उपचाराची टिपणी आहे. आमच्या गटांत कोणाचं ना कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असतं. ती माणसं या नोंदींची माहिती फार आस्थेनं ऐकतात.

सांबाराचा प्रश्न इथेच येतो. संभाजी महाराज पाहुणे आले, आमटीत कोकम नव्हतं म्हणून चिंच घातली, आणि त्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं, ही गोष्ट सगळ्यांना ऐकायची असते. मी ती गोष्ट म्हणून सांगते. त्या काळचा कागद तिला आधाराला नाही, हेही त्याच दमात सांगते.

कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला अलीकडे विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ झालं आहे, शिखर आपल्या पद्धतीचं. तिथे तमिळ भागवतर अभंग म्हणतात. उच्चार तमिळ, चाल थोडी वेगळी, झांजा त्याच. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर आणि मन्नारगुडीला राजांच्या काळापासून आहेत. मराठी कीर्तन त्यातूनच इथे रुजलं आणि तमिळ हरिकथेला त्याचं वळण मिळालं. गडवाले काका, जे एरवी चपला सांभाळतात, ते इथे आत येतात. टाळ हातात मिळाला तर परत देत नाहीत.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं त्याकडे येते.

तंजावरहून रामेश्वरला जायच्या जुन्या वाटेवर मराठा राजांनी छत्रं बांधली. तमिळमध्ये छत्रम किंवा चत्तिरम. यात्रेकरूंसाठी राहायची, जेवायची सोय, आणि खर्चाला जमिनी लावून दिलेल्या. बऱ्याच छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम सरफोजींनी 1802 मध्ये बांधलं. मुक्तांबाळ त्यांची प्रिय सखी. जग सोडून जाताना तिनं आपल्या नावानं अन्नछत्र मागितलं, अशी आठवण सांगतात. दर्शनी भाग रथासारखा, दगडी घोडे आणि हत्ती तो ओढताहेत असा. पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण सहसा नसतं. पहिल्यांदा मी ते सहलीत घातलं तेव्हा कचेरीतून विचारणा झाली की तिथे बघायला काय आहे.

1799 मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. छत्रांना लावलेल्या जमिनीही जातील, ही सरफोजींना काळजी होती. 1801 मध्ये त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांत काय चालतं ते तपशिलानं कळवलं. ते पत्र मी प्रत्येक सहलीत छत्रमच्या पायऱ्यांवर बसून सांगते. ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला शिजवलेला भात. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा. हे मध्यरात्रीपर्यंत चालतं, आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात की कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्यानं यावं. वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं अन्न. साप-विंचवाचं विष उतरवणारे वैद्य. परक्या मुलखातून आलेल्या कोणाची मुलं पोरकी झाली तर ती पंतोजींच्या स्वाधीन, तीन वेळचं जेवण आणि चार दिवसांनी एकदा तेलानं न्हाऊ घालणं. तान्ह्या बाळांना दूध. गरोदर बाई वाटेत अडली तर तिचं बाळंतपण छत्रमच्या खर्चानं, आणि बाळंतिणीला पुढे तीन महिने राहायची मुभा.

तीन महिने. राज्य हातातून गेलेला राजा परक्या अधिकाऱ्याला पत्र लिहितो आणि त्यात बाळंतिणीचे तीन महिने सांगायला विसरत नाही. प्रवासी सांभाळणं हाच माझा धंदा आहे, म्हणून असेल, पण या पत्रातली एकेक ओळ मला कामाची वाटते. कोणाला पथ्याचं हवं, कोणाला चालत नाही, रात्री तापानं फणफणलेल्या माणसाला डॉक्टर कुठे मिळेल, कोण अजून जेवलेलं नाही. सरफोजी स्वतः 1820 ते 1822 हजारोंचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले होते. वाट कशी असते ते त्यांना ठाऊक होतं.

जिंजीची कोठारं, वाड्यातले दवाखान्याचे कागद, देवळातला अभंग, हे सगळं छत्रमच्या पायऱ्यांवर एकत्र येतं असं मला वाटतं. किल्ला ज्यांनी राखला, त्यांच्याच रक्ताच्या माणसांनी इथे, तमिळ मुलखात, कोणत्याही भाषेच्या आणि जातीच्या वाटसरूसाठी मध्यरात्री घंटा वाजवली. एकदा एका ट्रेकर काकांनी, जे जिंजीवर सगळ्यांच्या पुढे होते, तिथे मला विचारलं, "ही बंद कधी पडली?" संस्थान खालसा झाल्यावर छत्रांचा कारभार सरकारकडे गेला. तंजावरच्या जिल्हाधिकारी कचेरीत छत्रम प्रशासनाचा विभाग आजही आहे, आणि त्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना मदत झाली. म्हणजे पानं पुरती थांबली नाहीत. इमारती मात्र खचत आहेत. लाकडी खांब किडले आहेत, छपरांवर रोपं उगवली आहेत. गडांवर दर रविवारी श्रमदान करणारी हजारो मराठी मुलं-मुली मला ठाऊक आहेत. त्यांनी या इमारती एकदा तरी डोळ्यांनी बघाव्यात, इथल्या तमिळ इतिहासप्रेमींशी बोलावं, असं मला फार मनापासून वाटतं.

रामेश्वरला बावीस कुंडांचं स्नान होतं, ओले कपडे बदलून दर्शन होतं, हजाराहून अधिक खांबांचा तो लांब सोपा डोळ्यांत भरतो. काशी झालेली माणसं गडू रिकामा करतात, ज्यांची काशी राहिली आहे ती इथली वाळू बांधून घेतात. मी त्या गर्दीत माणसं मोजत उभी असते.

तुम्ही स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर तंजावरहून पट्टुकोट्टैचा रस्ता धरा. सुमारे पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडू लागतं. तिथे तास-दीड तास ठेवा, सकाळची वेळ बरी. मग पट्टुकोट्टैवरून समुद्राकडे वळलात की मनोरा लागेल, नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजींनी बांधलेला आठ मजली बुरूज. तिथून किनाऱ्याच्या रस्त्यानं रामेश्वर. जेवण ओरत्तनाडूलाच घ्या. बसस्टँडजवळच्या खाणावळींत केळीच्या पानावर भात मिळतो, आणि तो संपत आला की वाढपी न विचारता पुन्हा वाढतात.